धाकटा

एकोणनव्वद साली अजनीच्या शेडमधल्या
भंगार पत्र्याचा कूलर बाबांनी स्वतः ठोकला.
तेव्हापासून आमच्यात तो धाकटा.

दादाने पुण्याहून एसी पाठवला.
खोकं फोडलंच नाही,
आईच्या लोणच्याच्या बरण्या त्यावर बसतात.

"काऊन जी, एक पंप नवा आणला तर?"
"मंग पत्र्याले काय सांगू, हरलो म्हनून?"

मे. सेहेचाळीस.
मानेवाड्याच्या रस्त्यावर डांबर चप्पल सोडत नाही.
बाबा बनियनवर, वाळ्याच्या ताटीत मान घालून
पंपाशी बोलतात: आज नाही तर उद्या, बेट्या.

आज नाही.
उद्याही नाही.
परवा अख्ख्या गल्लीचा फ्यूज उडाला,
आणि तेरवा भाकरी थापता थापता
आई परातीवर वाकली, ती वाकूनच राहिली.

मेडिकलच्या वॉर्डात रात्रभर
बाबा तिचा हात धरून, नजर सलाईनवर.
मला वाटलं, आता रडतील.
पहाटे हळूच म्हणाले,
"थेंब पाह्यला? कसा मोजून पडते.
पंपाले अशीच नळी लावाले पायजे होती."

आईचे डोळे मिटलेलेच होते.
हात मात्र तिनं काढून घेतला.