मेख

नोव्हा स्कोशियात, नदी समुद्राला मिळते तिथे
फेरीची वाट बघणाऱ्यांसाठी एक पत्र्याची शेड,
शेडमध्ये बाक, आणि बाकाशेजारी
हार्ली झिंकचं टेबल.
धुकं असलं की पलीकडचा काठ दिसत नाही.
टेबल दिसतं.

मी फेरीवर दोर सोडायचो, दोर बांधायचो.
एकवीस वर्षं तेच. गाठींतलं मला थोडंफार कळतं.
हार्लीच्या गाठींतलं काही कळत नसे.

लाकूड बर्चचं, नाहीतर मोडलेल्या होडीच्या फासळीचं.
दोर लॉबस्टरच्या पिंजऱ्यांचा, मिठाने विटून राखाडी झालेला.
खिळे मात्र नवे. खिळ्यांत त्याला कंजुषी चालत नसे.
कोडं किती अवघड ते फळीच्या कडेला ठोकलेलं:
एक खिळा म्हणजे पोरांसाठी,
दोन म्हणजे पोरांच्या बापांसाठी, जरा जास्तच वेळ लागणार.
तीनचं हातात घेतलं की फेरी चुकणार.
चारचं शाळेच्या मुख्याध्यापकांनी नेलं,
आठवड्याने कागदात गुंडाळून परत आणलं,
म्हणाले, बायकोला आवडलं नाही.

दोर कापायचा नाही, खिळा उपटायचा नाही, जोर करायचा नाही.
"जोर केलास की ते तुला ओळखतं," हार्ली म्हणायचा,
"आणि मग तोंड मिटून बसतं."

पाच खिळ्यांचं वर्षाला एकच.
टेबलाच्या कोपऱ्यावर पडलेलं असे, कुणाला हात लावू देत नसे.
ऑक्टोबरात, गवतावर दहिवर कडक झालं की
पलीकडच्या काठावरून लेम्युअल यायचा.
हार्लीचा भाऊ.
बापाच्या होडीवरून दोघांचं फाटलं होतं.
बरोबर कोण ते मला विचारू नका,
मी दोन्ही काठांचं खातो.
लेम्युअल टेबलापुढे उभा राही, हार्ली समुद्राकडे बघे.
लेम्युअल कोडं उचली, पैसे ठेवी,
त्याच फेरीने परत.
एक शब्द नाही.

एप्रिलमध्ये बर्फ वाहून गेलं की पहिल्या फेरीला
कोडं टेबलावर यायचं: कडी वेगळी, दोर वेगळा,
आणि दोराचं वेटोळं डावीकडून, बाप घालायचा तसं.
हार्ली ते बघायचा, नाकातून हुं करायचा,
रंधा घेऊन पुढच्याला लागायचा.
सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात.
इथे सुंभ केव्हाच जळून गेला होता,
नुसत्या पिळावर दोन घरं अठरा हिवाळे तगली.

एकोणिसाव्या एप्रिलात कोडं आलं ते न सुटलेलं.
हार्लीला आधी बरं वाटलं असावं.
मग त्याने ते हातात फिरवलं.
कडी फळीच्या दुसऱ्या बाजूला होती.
दोर त्याच दोन भोकांतून, पण उलटा गेलेला.
आणि कडेला, पाचांच्या ओळीत, एक सहावा,
गंजका, चौकोनी डोक्याचा.
होडीतला. मीसुद्धा ओळखला.

तीन दिवस तो शेडमध्ये बसून.
गिऱ्हाइकांना म्हणे, घ्या, पैसे ठेवा, माझ्याकडे बघू नका.
सुरगाठ वाटे ती निरगाठ निघे,
निरगाठ सोडायला जावं
तर तिथे गाठच नसे.
चौथ्या दिवशी त्याने कोट घातला.

फेरीवर चढताना पाकीट काढलं.
मी म्हटलं, राहू दे.
"राहू दे काय? किती झालंय आता?"
सांगितलं, तर म्हणाला, चोर आहात.
नदी ओलांडायला आठ मिनिटं.
आठही मिनिटं कठडा धरून उभा,
कोडं कोटाच्या आत, पोटाशी.

शेवटच्या फेरीला परत आला.
कोटाला कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा,
कॉड आणि बटाट्याच्या सूपचा वास.
मी विचारलं, सुटलं?
"नाही. त्यालाही येत नाही.
कडी घातली कशी तेच विसरलाय गाढव."
मी दोर बांधला. तो उतरला,
चार पावलं गेला, थांबला.
"महिन्याचा पास असतो का रे तुमच्याकडे?"