ज्याचा त्याला पत्ता

रुवीत घराला बोलण्यापुरता नंबर नसतो.
"हमरियाच्या चौकात या, फार्मसीच्या वर,
एसीचं पाणी ज्या शटरवर ठिबकतं, तो जिना."
पोस्ट बॉक्स कंपनीचा, व्हिसा कंपनीचा,
गादीसुद्धा आधीच्या स्टोअरकीपरची,
त्याच्या कुशीचा खड्डा अजून तिच्यात.

म्हणून वर्षाला चार रियाल भरून
आडनावाचं डोमेन घेतलं. रेडीज, पुढे एक टिंब.
सातबारा नाही,
पण मालकाच्या रकान्यात मी एकटाच.

मग ज्याला त्याला वेगळा पत्ता दिला.
बँकेला बँक ॲट रेडीज,
पैसे पाठवायच्या काउंटरला हुंडी ॲट,
चष्मेवाल्याला चष्मा,
वाडी कबीरच्या कासिमभाईला टायर.
"म्हणजे तुझ्या घरात माझीही खोली," तो म्हणाला.

रमजानात चष्मा ॲटवर पत्रं सुरू झाली:
दुबईत फ्लॅट घ्या, टकलावर केस उगवा.
कळलं कुणी विकलं मला.
भांडलो नाही. गळका नळ खालून बंद करतात
तसा तो पत्ता बंद केला.
चष्मा मात्र अजून त्याच्याच दुकानचा, नाकावर.

एक पत्ता कुठल्या दुकानाचा नव्हता.
ताई ॲट.
चिपळूणला, निबंधक कचेरीच्या पायरीवर,
शालनताईला कागदावर लिहून दिला होता,
हक्कसोडावर तिची सही झाल्यावर.
"बहिणीने कुठे वाटा मागायचा असतो," मामा म्हणाला होता,
आणि मी खाली बघत
पेनाचं टोपण शोधत राहिलो होतो.
"काही लागलं तर यावर लिही."
तिने घडी घातली, पर्सची चेन ओढली.

सात वर्षं त्यावर काही नाही.
जाहिरातसुद्धा नाही.
इतका स्वच्छ पत्ता माझ्याकडे दुसरा नव्हता.

आज पहाटे पावणेतीनला आलं.
तिच्या नावाने, मोडक्या इंग्रजीत:
माझे फोटो बघा, लवकर. खाली निळी ओळ.
ती नव्हे. कुणीतरी तिचं खातं फोडून
वहीतल्या सगळ्यांना एकच पत्र धाडलेलं.
गॅसवाल्याला, व्याह्यांना, भिशीच्या बायकांना.

पण त्या सगळ्यांत मी होतो.
म्हणजे कागद हरवला नव्हता.
कधीतरी बसून, चष्मा पुसून,
एकेक अक्षर तिने उतरवून घेतलं होतं.

निळ्या ओळीला हात लावला नाही, एवढा शहाणा आहे मी.
पत्ताही बंद केला नाही.
उत्तर लिहायला बसलो. बांग झाली तेव्हा
खोडून खोडून उरलं ते एवढंच:
ताई, पासवर्ड बदल.

पाठवल्यावर लक्षात आलं,
हे आधी चोरच वाचणार.
म्हणजे फोन करावा लागेल.
तिकडे साडेसहा वाजलेत.
उठली असेल.