दाखल-खारीज

टिमकीच्या शाळेतलं जाड रजिस्टर
उघडलं की मागाच्या धुळीचा वास येतो.
निनावे, धापोडकर, पराते, निखारे,
पानामागून पान, बापाचा धंदा : विणकर.
शाई तपकिरी झाली, अक्षर अजून ताठ.

यंदाचं पान माझ्या हातचं.
नसरीन, बाप गाद्या भरतो.
समारू उईके, बालाघाटकडचा.
दुलेश्वरी निषाद, मातृभाषा छत्तीसगढी.
'मागील शाळा' या रकान्यात
वीटभट्टीचं नाव चालेल का,
तिच्या आईनं विचारलं होतं.
पट एकोणचाळीस.
विणकराचं पोट्टं एकही नाही.

परवा वसंता पराते आले,
जातपडताळणीला वडिलांची नोंद पाहिजे.
नात कॉन्व्हेंटात, तिच्यासाठी.
"आमच्या वेळी दोन पाळ्या भरत, बाई.
आता कुठून कुठून येतात बाप्पा."
मी पानं उलटत राहिले.
सन अडतीस. सापडलं.
पण चष्मा ते घरीच विसरलेले.

दुलेश्वरी खडू मागायला आली होती.
बोट ठेवत तिनंच वाचलं,
जोडाक्षरावर अडली, पुन्हा मागून सुरू केलं :
नाव, वय सात, जन्मगाव पवनी.
"पवनी दूर आहे का, बाई?"

मला काय सांगावं सुचेना.
पराते म्हणाले, "पायी आले होते म्हणे.
तीन दिवस. डोक्यावर फणी अन् धोटा."

रजिस्टर एकट्याला बाहेर नेऊ देत नाही.
झेरॉक्सच्या दुकानापर्यंत मी सोबत निघाले.
वही दुलेश्वरीनं उचलली, छातीशी धरून,
आम्हा दोघांच्या पुढे.