इतिवृत्तात न आलेलं

सभा उपासनेनंतर, सव्वाअकराला.
हजर नऊ, कोरम सातचा.
मी चिटणीस, म्हणून वही माझ्याकडं
आणि वहीत काय येऊ नये तेही माझ्याकडंच.

पाळकसाहेब मार्चमध्ये निवृत्त झाले.
त्यांनी एकट्यानं ओढलेली कामं
मोजायला बसलो, तर पान पुरेना.
संदेश, प्रभुभोजन, आजाऱ्यांच्या भेटी, मयत,
लाइट बिल, पेटीच्या भात्याला चिकटपट्टी,
आणि गेटवरच्या कुत्रीला उरलेली चपाती.
एका झग्याखाली एवढं सगळं झाकलं होतं
हे कुणालाच ठाऊक नव्हतं.
त्यांनाही नसावं.

शमुवेल सातपुते उद्यमनगरात लेथवर असतो,
नखांतलं काळं रविवारीही निघत नाही.
म्हणाला, संदेश मी देतो,
पण महिन्यातून एकदा, आणि छोटा.
पहिला सात मिनिटांचा झाला.
जॉब आधी मधोमध धरावा लागतो, तो म्हणाला,
केसभर सरकला, तर हत्यार टेकताच सगळं थरथरतं.
पुढं काही सुचेना. बसला.
त्या आठवड्यात जुनी भांडणं मिटली,
असं काही नाही.
पण सात मिनिटं कुणी खोकलं नाही.

दानपेटीला दोन कुलपं.
एक किल्ली खजिनदार दयासागर घाटग्यांकडं,
दुसरी कुणाकडं, यावर चाळीस मिनिटं.
वहीत : ‘सविस्तर चर्चा झाली.’
घाटगे तेव्हा उठून बाहेर गेले होते,
पायरीवरच्या ढिगात आपल्या चपला शोधत होते,
सापडल्या, तरी घालत नव्हते.
शेवटी किल्ली दिली सुवार्ताला,
कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे,
दोन्ही बाजूंना तिचा सारखाच राग येतो म्हणून.

विषय क्रमांक चार, भाकर कोण मोडणार.
इथं सगळे गप्प. फक्त पंखा.
वीस वर्षं प्याले घासून, पुसून
फडक्यावर उलटे मांडणाऱ्या मनोरमाबाई आवळे
मागच्या बाकावरून म्हणाल्या,
“मी करतो की. त्यात काय हाय?”

आमच्या गावात बायका अशाच बोलतात.
माझी आई ‘मी भाकरी थापतो’ म्हणत थापायची,
मीही घरी असाच बोलतो.
बाहेरचे हसतात.
मी वाक्य शब्दशः उतरवलं,
आधी आद्याक्षरं, मग आडनाव.
वहीची नक्कल वरच्या मंडळाकडं गेली
आणि तीन आठवड्यांत पत्र आलं, शिक्क्यासह,
‘श्री. म. जा. आवळे यांची वडील म्हणून निवड मान्य.’

पुन्हा सभा. कळवायचं का?
शमुवेल म्हणाला, देवानंच वाट काढली असेल.
बाई म्हणाल्या, देवाला टायपिंग येतंय व्हय?
कळवा. असलं कागद घेऊन
मेजामागं मी उभारणार न्हाई.
मी ‘श्री’ला ‘मती’ जोडून पत्र परत धाडलं.
त्याला पाच महिने झाले.
होकार नाही. नकार आलाय असंही नाही.

गडहिंग्लजचे पाळक दर महिन्याला येतात, एसटीनं.
गेल्या रविवारी गाडी कागलपाशी बंद पडली.
साडेअकरा. बारा.
लेकरं बाकांखाली गेली.
बाईंनी मेजावरचं फडकं उचललं, घडी घातली,
ताट पहिल्या बाकावर ठेवलं
आणि मेजापासून लांब, दाराशी जाऊन बसल्या.
म्हणाल्या, शेजारच्याला मोडून द्या.
आपली आपण घ्यायची न्हाई.

घाटग्यांना सुवार्तानं दिली. तुकडा जरा बारकाच होता.
त्यांनी बघितला, खाल्ला.
ताट फिरत दाराशी पोचलं,
तिथं बाईंना कुणी द्यायचं म्हणून
दोघं-तिघं एकदम उठले.

वहीत मी लिहिलं, ‘भाकर मोडली गेली.’
मराठीत बिनकर्त्याचं वाक्य चालतं,
शाळेत शिकवलेलं इतक्या वर्षांनी उपयोगी पडलं.

लाइट बिल कुणी भरायचं, ते मात्र राहिलं.