नदी परत करायची आहे

एप्रिलमध्ये आम्ही होड्या पालथ्या घातल्या.
ब्राँक्स नदीच्या काठावर अकरा होड्या,
पाठ शेकत बसलेल्या म्हाताऱ्यांसारख्या.
वल्ही मोजली, जॅकेटं मोजली, मग मोजायला
काही उरलं नाही, म्हणून सायरन मोजत बसले.

शनिवारी मी मुलांना पाण्यावर न्यायचे.
आता शनिवारच उरला नव्हता;
सगळे वार एकाच कपड्यात, दाढी न केलेले.

ऑफिसातून फोन: येसेनिया, लोकांना नदीशी जोडून ठेव.
जोडून? कशानं, डिंकानं?
मोबाइलवर धार दाखवली, तर एका पोरानं विचारलं,
मिस, वास का येत नाही?

कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे रिकाम्या बरण्या होत्या,
चाळीसेक, झाकणांना अजून व्हिनेगर हुंगता येईल अशा.
पहाटे गुडघाभर पाण्यात उभी राहून
एकेक बुडवली. थोडा गाळ, एखादं पान,
नशीब असेल त्याला गोगलगाय.
वर चिठ्ठी:
बंधाऱ्याखालचं पाणी. सकाळी साडेसहा. नऊ अंश.
बगळा होता. तुमची चौकशी केली नाही, पण होता.
पिऊ नका.

उंबऱ्याशी ठेवायची, बेल दाबायची, चार पायऱ्या उतरून थांबायचं.
दार किलकिलं व्हायचं. एक हात. पुन्हा साखळी.

सहाव्या मजल्यावर युसेबियो नोरालेस.
एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतीत लिफ्ट चालवली,
आता स्वतःच्या लिफ्टचं बटण दाबायला कचरायचा.
याच दारातून फर्मिनाला खाली नेलं होतं, मार्चअखेर.
तिच्या चपला अजून बाहेरच, टाचा भिंतीला लावून.
बरणी उजेडात धरून म्हणाला,
मी होंडुरासचा, समुद्राकाठचा माणूस.
याला नदी म्हणतात हे मला ठाऊकच नव्हतं.
रेल्वेपुलाखाली काहीतरी हलायचं, एवढंच.

मग रोज संध्याकाळी फोन.
आज काचेवर चढली.
आज दिवसभर तोंड लपवून बसली.
आज तिला लेट्यूस दिलं, खाल्लं, माझ्यापेक्षा जास्त.
फर्मिनाचं नाव नाही. मीही काढलं नाही.
एकोणिसाव्या दिवशी आवाज खाली उतरला:
अंडी घातलीत गं. जेलीचा ठिपका, आत मोहरीएवढे जीव.
खिडकीत यांना मोठं करायचं पाप मला नको.
नदी परत करायची आहे. रीत काय असते?

रीत नव्हती.
जॅकेट परत करायचा फॉर्म होता, त्यात नदीला रकाना नव्हता.

जूनमध्ये तो उतरला.
सहा मजले, जिन्यानं, प्रत्येक वळणावर दम खात,
बरणी दोन्ही हातांत.
तोवर बाकीच्यांचेही निरोप आले होते;
काठावर मी खडूनं रेघा मारल्या, सहा-सहा फुटांवर.
कुणाचं पाणी हिरवं होऊन नासलेलं, तो लाजून मागे उभा.
एका मुलीची बरणी रिकामीच. मांजरानं सांडलं, म्हणाली,
पण मी आले.

युसेबियोनं बसकण मारली, बरणी तिरकी केली.
पाणी गेलं. अंडी गेली. गोगलगाय काचेला चिकटून.
त्यानं ओढली नाही. वाट पाहिली.
रांग उभी, कुणी घाई केली नाही,
पुलावरून एक रिकामी गाडी धडधडत गेली.
किती वेळ, ठाऊक नाही.
मग ती सुटली.

ही पुढं कुठं जाते?
ईस्ट रिव्हरला, मी म्हटलं, मग समुद्राला.
त्यानं मान डोलवली,
पत्ता बरोबर निघावा तशी,
आणि तीच बरणी पुन्हा बुडवून माझ्यासमोर धरली.
चिठ्ठी लिही.

अकरा वाजून दहा मिनिटं. एकवीस अंश.
वर पाहिलं, खाली पाहिलं, बंधाऱ्यापर्यंत पाहिलं.
बगळा नव्हता.
तसंच लिहिलं.