हातचा

गणित असं होतं:
कुरणाची पडलेली भिंत बाबा एकटा सहा दिवसांत उभी करतो,
विल्फकाका एकटा बारा.
पुस्तकात नुसते अ आणि ब होते, भिंतही विटांची होती.
नावं मी घातली, दगडही मीच.
दोघं मिळून किती दिवसांत?

रोजचं काम: एक छेद सहा अधिक एक छेद बारा.
लसावि बारा. दोन आणि एक, तीन.
म्हणजे रोज पाव भिंत.
चार दिवस. खाली दुहेरी रेघ.

बाबाने चहाच्या कपाखालून वही ओढली.
‘हे दोघं एकमेकांशी बोलतात का?’
पुस्तकात तसं काही दिलेलं नाही, मी म्हणाले.
‘मग उत्तर कसं काढलंस?’

आजोबांच्या मृत्युपत्राने कुरणाचे दोन तुकडे केले
त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती.
मधोमध ही भिंत, ना चुना ना माती,
दगडावर दगड, यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात असतात तशी.
फेब्रुवारीत बर्फ वितळला आणि चौदा यार्ड बसली.
काकाच्या मेंढ्या आमच्यात, आमच्या काकाकडे,
त्यांना मृत्युपत्र कोण वाचून दाखवणार?

भिंतीला कान असतात म्हणतात.
आमच्या भिंतीला दोन तोंडं होती.
पूर्वेचं तोंड बाबा रचत होता, पश्चिमेचं काका,
आणि मी मधल्या पोकळीत
मुठीएवढे दगड भरत होते, बादली बादलीने.
पहिला दिवस नुसत्या खटखटीत गेला.

अर्ध्या उंचीवर आरपार दगड लागतात.
लांब, जड, दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे.
ते एकट्याने बसत नाहीत.
बाबा एका टोकाला उभा राहिला. वारा होता.
बराच वेळ नुसता वाराच होता.
मग पलीकडून: ‘उचल.’

दुसऱ्या दगडाला: ‘थांब, बोट.’
पाचव्याला: ‘आलं?’ ‘आलं.’
नवव्याला काका म्हणाला,
‘म्हातारा असता तर हा उलटा बसवायला लावला असता,’
आणि बाबा हसला. दगड हातात असताना हसू नये
हे त्यानेच मला शिकवलं होतं.

तिसऱ्या संध्याकाळी माथ्याचे दगड चढले.
तीन दिवस. चार नाही.

रात्री मी गणित पुन्हा मांडलं.
माझे दिवस क्ष मानू.
एक छेद तीन वजा एक छेद चार,
एक छेद बारा.
क्ष बरोबर बारा. म्हणजे मी
आणि विल्फकाका, अगदी सारख्या वेगाचे!
ऑल्डरसनबाईंनी बरोबरची खूण केली,
पुढे एक छोटा तारासुद्धा काढला.

पण मी एकटी? बारा दिवस?
बारा वर्षं दिली असती
तरी माझ्या हातून झाला असता फक्त
मुठीएवढ्या दगडांचा एक ढीग.

ते एक छेद बारा मग कुणाचं,
बाईंना मी विचारलं नाही.
क्ष मानायचा असतो. मानला.

परवा तिकडे गेले होते.
आरपार दगड अजून दोन्हीकडे चार बोटं बाहेर आहेत.
एक मेंढी त्यांतल्या एकाला पाठ घासत होती,
कुणाची, ते काही मला ओळखता आलं नाही.