नारंगी

लक्ष्मीपुरीतल्या तिसऱ्या दुकानात जाकीट अंगात घालून
मी फरशीवर उकिडवा बसलो.
पोरगं म्हणालं, काका, आरसा हिकडं हाय.
म्हटलं, आरशात काय बघू?
मासा मला समोरनं बघत नाही.

उकिडवं बसल्यावर मागनं कंबर उघडी पडते का,
ते बघायचं असतं.
दोन जाकिटं तिथंच बाद झाली.
तिसऱ्याची टोपी मानेबरोबर वळेना,
मी डावीकडं, टोपी अजून उजवीकडं,
दावं ओढलेल्या म्हशीगत.
चौथं हात हलवला की चुरमुऱ्याच्या पिशवीसारखं वाजायचं.
मरळीला कान नसतात म्हणतात.
म्हणणाऱ्यानं मरळ धरलेली नसते.

मग पोरानं बाटलीतलं पाणी बाहीवर ओतून दाखवलं.
थेंब पाऱ्यागत घरंगळले.
म्हटलं, ही झाली एक बाटली.
तू चार तास ओतत बस, मी बसतो.
तो हसला. मी हसलो नाही.
एकतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढलीत,
सुताचा फरक नखाला कळतो.
बाही उलटी केली. शिवणीवर आतनं पट्टी आहे का,
कोपऱ्यात ती सुटलीय का.
पाणी कापडातनं येत नाही, बाळा,
सुईच्या भोकातनं येतं.

दस्तगीर अजून खताचं पोतंच वापरतो.
एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की खोळ तयार,
दमडीचा खर्च नाही, घाम साठत नाही.
मीही वापरलं, कितीतरी पावसाळे.
पण गळ फेकायला हात वर गेला की खोळ मागं पडते,
आणि गेल्या श्रावणात छाती भरून आली तेव्हा
मालननं सीपीआरमध्ये ओळखीनं खाट मिळवली,
डबा आणला, औषधं आणली,
आठ दिवस बोलली मात्र नाही.

शेवटी दोन उरली. एक शेवाळी, एक नारंगी.
पोरगं म्हणालं, शेवाळी घ्या, मळ दिसत न्हाई.
मलाही तेच घ्यायचं होतं.
काठावर माणसानं माणसासारखं दिसू नये,
एवढं तर नदीनं शिकवलंय.

खिशातनं नोटा काढल्या. तिच्याच.
चार घड्या घातलेल्या, डेटॉलचा वास असलेल्या.
देताना म्हणाली होती,
"सात वर्सं साडेसहाच्या बसनं मी पुलावरनं येतो.
रोज खिडकीतनं खाली बघतो.
तुमच्यासारखे पंधरा दगड हायत तिथं.
कुठल्या दगडाकडं बघून जीव खाली बसवू?"

पोराला म्हटलं, ते दुसरं दे.

दस्तगीरनं मला लांबनंच बघितलं.
"फुडं रस्त्याचं काम चालू हाय वाटतं," म्हणाला,
आणि तोंड पोत्यात घालून खोकत हसत राहिला.
मच्छिंद्रीला अजून बरंच पाणी कमी होतं,
पण रंग बदललेला, चहागत.
त्याला दोन खवले, एक वाम.
मला नुसती जलपर्णी, मुळांसकट.
रंगाला भ्याले असतील मासे,
नसतीलही. दस्तगीरचा हातच तसा.
बाहेरचा थेंब आत आला नाही,
आत मीच पाझरत होतो,
झाकण घातलेल्या भातासारखा.

साडेसहाला शिवाजी पुलावरनं बस आली.
काचा धुरकटलेल्या,
कुठली खिडकी तिची, कळेना.
मी आपला हात वर केला.

मनगटाची पट्टी ढिली होती.
तेवढं एक दुकानात बघायचं राहिलं.
पाणी आधी कोपरापर्यंत, मग थेट काखेत.
गार.
बस वळेपर्यंत
हात खाली घेतला नाही.